एचओएची नोटीस आली: प्रेशर वॉशर बरा की सॉफ्ट वॉश?

एचओएच्या, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांच्या संघटनेच्या, पत्रात भिंत स्वच्छ करा एवढंच असतं. कशी करायची ते तुमचं तुम्ही बघा. सोबत रस्त्यावरून, बहुधा गाडीत बसूनच काढलेला एक फोटो आणि अमुक तारखेपर्यंतची मुदत. नॉर्थ कॅरोलिनात ही पत्रं मे-जूनमध्ये जास्त येतात, असं निदान आमच्या भागात तरी दिसतं. पाईनचा पिवळा पराग एप्रिलच्या पावसात धुऊन गेला की उत्तरेच्या भिंतीवरचं हिरवं शेवाळ एकदम डोळ्यात भरतं. दंडाची धास्ती लगेच घेऊ नका. इथल्या प्लॅन्ड कम्युनिटी कायद्यात दंडाआधी सुनावणी द्यावी लागते आणि दंड १०० डॉलरच्या वर जात नाही. मात्र निर्णयाला ५ दिवस उलटूनही भिंत तशीच असेल, तर तोच दंड रोजचा होऊ शकतो. तेव्हा घाबरू नका, पण रेंगाळूही नका.

पत्र आलं की बहुतेकांचा पहिला विचार प्रेशर वॉशर, म्हणजे पाण्याचा जोरदार झोत मारणारं मशीन, घेण्याचा असतो. माझ्याकडे तो आहे. साधा, विजेवर चालणारा, २,००० पीएसआयच्या (पीएसआय हे पाण्याच्या दाबाचं माप) आसपासचा. सॉफ्ट वॉश, म्हणजे पातळ ब्लीच फवारून साध्या होजने धुणं, हेही मी करतो. दोन्ही वापरून झालंय, त्यामुळे मशीनच्या जाहिरातीत न येणारं थोडं सांगतो.

आधी मशीनची बाजू. ड्राइव्हवे, फुटपाथ, मागचा काँक्रीटचा पॅटिओ यांना मशीनला तोड नाही. इथल्या लाल मातीचे डाग, टायरच्या काळ्या खुणा, सांध्यांतलं शेवाळ, सगळं डोळ्यांसमोर निघतं आणि मजाही येते. फिरत्या चकतीचं सरफेस क्लीनर मात्र घ्याच, नाहीतर काँक्रीटवर नोझलच्या नागमोडी रेघा उमटतात आणि त्या जाता जात नाहीत. पत्र नुसतं ड्राइव्हवेबद्दल असेल तर पुढचं वाचलं नाहीत तरी चालेल, मशीन आणा.

आमच्यासारखी विनाइल सायडिंगची, म्हणजे भिंतीवर बाहेरून प्लॅस्टिकच्या आडव्या पट्ट्या लावलेली, घरं असली की गोष्ट बदलते. वरच्या पट्टीखालून पाणी आत शिरतं हे सगळेच सांगतात आणि ते खरंही आहे. सायडिंग खिळ्यांवर मुद्दाम सैल टांगलेलं असतं, ते वॉटरप्रूफ नसतं, आणि जमिनीवर उभं राहून दुसऱ्या मजल्यावर मारा केला की पाण्याचा रोख नेमका वरच्या दिशेनं, पट्टीच्या आत जातो. पण ते सांभाळता येतं. पांढरं, ४० अंशाचं नोझल लावा, अंतर ठेवा, फवारा सरळ किंवा खालच्या दिशेला ठेवा.

माझा निर्णय ठरवला तो धुतलेल्या भिंतीवर उमटणाऱ्या गडद-फिक्या पट्ट्यांनी.

सायडिंगला १०-१५ वर्षं झाली की उन्हानं त्याच्या पृष्ठभागावर पांढरट भुकटी धरते. बेज किंवा निळ्या-राखाडी भिंतीवर ती एरवी कळतही नाही, रंग जरा फिका पडलाय इतकंच वाटतं. मशीनचा झोत शेवाळाबरोबर ही भुकटीही काढतो, पण जिथे जोरात लागला तिथेच. हात एका लयीत फिरत असला तरी झोताच्या मधल्या भागात जोर जास्त आणि कडांना कमी. भिंत ओली असेपर्यंत सगळं झकास दिसतं. दुसऱ्या दिवशी ती वाळते, संध्याकाळचं तिरकं ऊन पडतं, आणि फळ्यावर ओला बोळा फिरवल्यासारखे गडद-फिके पट्टे या टोकापासून त्या टोकापर्यंत उमटलेले असतात. हिरवा रंग गेलेला असतो, म्हणजे काम झालं म्हणायचं. पण एचओएला मुळात रस्त्यावरून भिंत एकसारखी दिसायला हवी असते, आणि पट्टे रस्त्यावरूनच सगळ्यात स्पष्ट दिसतात. जवळ उभं राहून तुम्हाला ते सापडणारही नाहीत. उपाय एकच: उरलेली सगळी भुकटीही एकसारखी काढा, म्हणजे शिडीवर चढून अख्खी भिंत हातानं घासा. या एका कटकटीपायी माझं मशीन आता जमिनीच्या वर उचललं जात नाही.

तुमच्या भिंतीला ही भुकटी आहे का, हे बघणं सोपं आहे. कोरड्या भिंतीवर, शक्यतो दक्षिणेच्या किंवा पश्चिमेच्या, बोट दाबून ओढा. बोटावर खडूसारखं पांढरं आलं आणि भिंतीवर बोटाची गडद रेघ उठली, तर तुमच्या घराला मशीनचा धोका आहे. बोट कोरडंच राहिलं आणि घर नवीन असलं, तर मशीनवाल्यांचं म्हणणं बऱ्यापैकी खरं आहे. हलक्या हातानं तुमचं काम होऊन जाईल.

सॉफ्ट वॉशमध्ये कुठेच जोर नसतो. साधं लाँड्री ब्लीच एक भाग, पाणी चार भाग आणि थोडा भांड्यांचा साबण, म्हणजे द्रावण भिंतीवर जरा टिकतं. दाट, शिंतोडे न उडणारं म्हणून विकतात ते ब्लीच नको, त्यात क्लोरीनचं प्रमाण कमी असतं. भिंत आधी ओली करायची, खालून वर फवारत जायचं, ५-१० मिनिटं थांबायचं आणि वरून खाली धुवायचं. शेवाळ डोळ्यांदेखत हिरव्याचं तपकिरी होतं, मग नाहीसंच होतं. सायडिंगवर लाकडासारखी जी बारीक नक्षी असते, तिच्या खाचांतलंही मरतं. मशीननं वरवरचं निघतं आणि खाचांत राहिलेलं पुन्हा पसरतं, असा माझा अनुभव आहे. मोजमाप मी केलेलं नाही, पण मशीननं धुतलेल्या बाजूला हिरवी झाक लवकर परत आली, इतकं नक्की सांगू शकतो. भुकटी धरलेली भिंत असेल तर ब्रशसुद्धा लावू नका, त्याच्याही खुणा उमटतात. फवारा आणि धुवा, बास.

आता याची कटकट, कारण तीही कमी नाही. भिंतीलगत अझेलियाची फुलझाडं असतील तर ती आधी भिजवा, मध्ये भिजवा, नंतर पुन्हा भिजवा. वाऱ्याच्या दिवशी हात लावू नका. कपडे टाकाऊच घाला, डोळ्यांना चष्मा हवाच. उन्हात द्रावण भिंतीवर वाळू द्यायचं नाही. उत्तरेची भिंत सावलीत असते, तेवढं आपलं नशीब. डोअरबेल आणि बाहेरचे सॉकेट झाका. आणि एक अजिबात विसरू नका: ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा अमोनियाचं काहीही मिसळायचं नाही, विषारी वायू तयार होतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण विनाइलसाठी ७० टक्के पाणी आणि ३० टक्के व्हिनेगर हा हलका उपायही सुचवला जातो. तो हलक्या डागांना चांगला आहे, पण तो वेगळ्या दिवशी, वेगळ्या बादलीत.

दुसऱ्या मजल्यावरचा, छपराखालचा भिंतीचा त्रिकोण हा सॉफ्ट वॉशचा खरा कमकुवत दुवा. हातपंपाचा फवारा तिथवर पोचत नाही. होजच्या टोकाला लावायच्या तयार बाटल्या पोचतात, पण नळाला प्रेशर बरं असेल तरच, आणि त्यात द्रावण जरा पातळच पडतं, म्हणून दोनदा फवारावं लागतं. फवारून सोडून द्यायची, धुवायचीही गरज नसलेली द्रावणंही मिळतात. ती चालतात, पण आठवडे लागतात, कधी महिने. हातात मुदतीचं पत्र असताना तो मार्ग मला परवडणारा वाटत नाही. पत्र यायच्या आधी, शरद ऋतूत फवारून ठेवायला मात्र छान.

माणूस बोलवायचा असेल तर त्याला एकच विचारा: भिंतीवर काय मारणार? तो पीएसआय सांगू लागला तर जरा सावध व्हा, द्रावणाबद्दल आणि झाडांबद्दल बोलू लागला तर पुढे बोला. विम्याचा कागद मागायला संकोच करू नका. तीन मजली टाऊनहाऊस असेल तर मीही माणूसच बोलावीन.

छपरावरच्या काळ्या ओघळांचं पत्र असेल, तर ही तुलनाच गैरलागू. ते ग्लिओकॅप्सा मॅग्मा नावाचे सायनोबॅक्टेरिया असतात, शिंगलमधल्या, म्हणजे छपरावरच्या डांबरी पत्र्यांसारख्या तुकड्यांतल्या, चुनखडीवर वाढतात. शिंगल बनवणाऱ्यांची संघटनाच सांगते की तिथे प्रेशर वॉशर नको. ब्लीच आणि पाणी निम्मंनिम्मं, १५-२० मिनिटं ठेवून कमी दाबानं धुवा. छपरावर चढण्याचं काम मी स्वतः करत नाही, तुम्हीही करू नका, असं आपलं मला वाटतं.

भिंतीच्या तळाशी मोहरीपेक्षा लहान, डांबरासारखे काळे ठिपके दिसले तर दोन्ही उपाय हरतात. ते मल्चमध्ये, म्हणजे झाडांच्या बुडाशी पसरलेल्या लाकडाच्या भुशात, वाढणाऱ्या आर्टिलरी फंगस या बुरशीचे बीजाणू. ही बुरशी ते उजेडाच्या दिशेनं, फिकट भिंतीकडे फेकते. नखानं खरवडला तरी खाली तपकिरी डाग राहतो. यावर पैसे घालवण्याआधी भिंतीलगतचं लाकडाचं मल्च काढून खडी टाका. खडीचा रंग एचओएच्या मंजूर यादीत आहे का, ते आधी बघून घ्या.

सायडिंग नवं, घर एकमजली, ड्राइव्हवे लांबलचक, तर मशीन घ्या आणि भिंतीला बेतानं वापरा. जुनं सायडिंग आणि रस्त्याला लागून भिंत असेल, तर मी आधी ब्लीचची बाटली आणीन, मशीनचं नंतर बघीन. काम झाल्यावर फोटो काढाल तो ओल्या भिंतीचा नको, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, फुटपाथवरून काढा, आणि पत्रातल्या मुदतीच्या आत एचओएचं काम बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीला ईमेल करून टाका. पुन्हा पाहणीला येतील तेव्हा येतील. तारीख टाकलेला फोटो त्यांच्या फाईलला लागलेला बरा.