फेरीवाल्यांना बाजाराची इमारत द्यावी की पदपथावरच आखलेली जागा?

फेरीवाल्याचा धंदा जाता-येता होणाऱ्या खरेदीवर चालतो. बसथांब्याकडे निघालेला माणूस वाटेत भाजीची जुडी घेतो, पण तिच्यासाठी जिना चढत नाही. इमारतीचा पर्याय फसतो तो इथेच. मेक्सिको सिटीने १९९३ पासून जुन्या शहरातल्या हजारो विक्रेत्यांना बांधीव बाजारांत हलवले. गिऱ्हाईक फिरकेना म्हणून अनेक जण पुन्हा रस्त्यावर आले. शिवाय गाळ्याचे भाडे आणि वीजबिल महिन्याचे, कमाई मात्र रोजची. कपडे, भांडी, दुरुस्ती अशा धंद्यांकडे गिऱ्हाईक मुद्दाम येते, त्यांना इमारत मानवते. माल रात्री कुलपात राहतो आणि पावसात दिवस बुडत नाही.

पदपथावरची जागा स्वस्त पडते, पण नुसते पट्टे मारून भागत नाही. आधी चालणाऱ्यांसाठी दोनेक मीटर मोकळे सोडावेत आणि उरलेल्या जागेत ओटे आखावेत. पाण्याचा नळ, सांडपाण्याची सोय, शौचालय, रात्री माल ठेवायला कोठी यांतले एक जरी राहिले तरी घाण साचते, तक्रारी वाढतात आणि अतिक्रमणाची गाडी येते. दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनच्या वॉरविक जंक्शन या गजबजलेल्या भागात विक्रेत्यांशी बोलून जागा आखल्या गेल्या. वापरात नसलेल्या उड्डाणपुलावर वनौषधींचा बाजार वसला. भारताच्या २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानेही शहराच्या पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के विक्रेते बंधनकारक केले आहेत.

भाजी, फळे, चहा यांना पदपथच हवा. त्यांच्यासाठी इमारत बांधायचीच असेल, तर फक्त तळमजला द्यावा आणि तोही गर्दीच्या वाटेला लागून.