सागाचा डोंगा देऊन फायबरची नाव घेतली : हिवाळा-उन्हाळा वापरल्यानंतरचा अनुभव

आंभोऱ्याच्या आसपास गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यात, म्हणजे मागे साचलेल्या पाण्यात, आम्ही जाळी टाकतो. धरण व्हायच्या आधी इथं वाहती वैनगंगा होती, तेव्हाचा आमचा सागाच्या फळ्यांचा डोंगा. नदीसाठी तो चांगलाच होता. आता पाणी पसरलं, जाळी लांब गेली आणि डोंगा म्हातारा झाला. दर उन्हाळ्यात तो काठावर उपडा घालायचा, फटींत सूत ठोकायचं, डांबर तापवून लावायचं. तरी पहाटे निघालो की एकानं वल्हं मारायचं आणि दुसऱ्यानं डब्यानं पाणी उपसायचं. तळाच्या दोन फळ्या कुजल्या होत्या. तेवढ्या बदलायला चांगला साग आणि डोंगे जाणणारा सुतार पाहिजे, आणि आमच्या भागात आता हे दोन्ही सहज मिळत नाही.

म्हणून दिवाळीनंतर नागपूरकडच्या एका कारागिराकडून फायबरची नाव घेतली, जुना डोंगा त्यालाच दिला. त्यानं फळीफळीत पेचकस टोचून पाहिला आणि हिशोब लाकडाचाच केला, डोंगा म्हणून काही धरलं नाही. नव्या नावेच्या किमतीच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास रक्कम वळती झाली. शिंगाड्याच्या तलावावाला एकजण याहून जास्त द्यायला तयार होता. उथळ, थांबलेल्या पाण्यात शिंगाडे तोडायला गळका डोंगाही चालतो. पण तो पैसे शिंगाडा विकल्यावर देणार होता आणि मला नाव लगेच पाहिजे होती. तुम्हाला घाई नसेल तर आधी गावातल्या तलाववाल्यांना विचारा. अदलाबदलीत सोय आहे, भाव नाही. आणि डोंगा देण्याआधी लोखंडी कड्या, साखळी, लंगर काढून घ्या, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी नाव घेणाऱ्या प्रत्येकाला मी कळकळीनं सांगतो. लाकडाचा डोंगा पाण्यानं भरला तरी तरंगतो, त्याला धरून माणूस काठापर्यंत येऊ शकतो. फायबर म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून घट्ट होणारं रेझिन, दोन्ही पाण्यापेक्षा जड. नुसत्या फायबरच्या नावेत पाणी भरलं तर ती तळाला जाते. म्हणून नाकाकडे आणि मागे बंद पोकळ्या पाहिजेत, त्यात फोम भरलेला असेल तर आणखी बरं, कारण पोकळीला तडा गेला तरी फोम पाणी शिरू देत नाही. रंग, जाडी, लांबी यावर दुकानात खूप बोलणं होतं, पोकळ्यांबद्दल कोणी आपणहून सांगत नाही. मी कारागिरासमोरच काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात नाव पूर्ण भरून पाहिली. काठोकाठ भरून ती तरंगत राहिली, तेव्हाच पैसे दिले. ही परीक्षा न करू देणाऱ्याकडून नाव घेऊ नका. आमच्याकडे बहुतेकजण जाकीट घालत नाहीत, त्यामुळे ही गोष्ट जिवाशी आहे.

वापरात सगळ्यात मोठं सुख म्हणजे उपसणं संपलं. दोन्ही हात जाळ्याला मोकळे राहतात आणि मासोळी बाजारात लवकर पोचते. रोहू-कतल्याचं वजन पडलं तरी नाव डोंग्याइतकी खाली बसत नाही. जलपर्णीतही फरक कळतो. नागपूरचं सांडपाणी घेऊन नागनदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळं आमच्या फुगवट्यात येऊन थांबतं. त्या पाण्यावर जलपर्णी माजते. डोंगा तिच्यात रुतून बसायचा, ही नाव हलकी असल्यामुळे वरून सरकते. फार दाट थर असेल तर मात्र हिलाही बांबूनं रेटावं लागतं.

हलकेपणाची दुसरी बाजू वारा. फाल्गुनापासून दुपारचा वारा सुटला की नाव आडवी वाहू लागते, जाळं ओढताना तर फारच. पहिल्याच आठवड्यात मोठेबाबा काठावरून बघून म्हणाले, "वारा नेते हिले, बाबू. पोटात गोटे भर." तसंच केलं. वाळू भरलेली दोन पोती मधोमध ठेवतो आणि जाळ्यात माल चढला की वाळू पाण्यात सोडून देतो. वैशाखात आभाळ भरून आलं की मी आता पाण्यावर थांबतच नाही. डोंगा असता तर थोडा थांबलो असतो.

आवाजही आहे. वल्हं कडेला लागलं की पोकळ आवाज घुमतो आणि उथळ पाण्यातली मासोळी बिचकते. कडेला जुन्या टायरच्या पट्ट्या बांधल्या, तळाशी बारदाना अंथरला. बारदान्यानं पायही घसरत नाही. माशाच्या चिकट पाण्यानं हा तळ फार निसरडा होतो. घेताना खरखरीत तळाची मागा, आणि रंग फिकाच घ्या. उन्हात गडद तळावर अनवाणी उभं राहवत नाही.

उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात. आमच्या फुगवट्यात हेच फायबरचं खरं दुखणं. लाकडाला खुंट लागला तर खोक पडते आणि काम चालू राहतं. फायबरच्या वरच्या गुळगुळीत थराला बारीक तडे जातात, आतले पांढरे धागे उघडे पडतात आणि तिथून पाणी झिरपून थर सुटायला लागतो. अशी जागा दिसली की त्याच आठवड्यात नाव बाहेर काढा. जागा पूर्ण वाळू द्या, पॉलिश कागदानं घासा, मग मॅट (काचेच्या धाग्यांचं कापड), रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर लावा. ओलसर जागेवर किंवा पावसाळी हवेत हे नीट धरत नाही, म्हणून मृगाआधी सगळं उरकून घेतलं. तळाच्या मधल्या रेषेवर मी सुरुवातीलाच मॅटचे जादा थर मागितले होते. थोडे पैसे जास्त गेले, पण बहुतेक ओरखडे तिथंच थांबले.

अनुदानाबद्दल बरेचजण विचारतात. 2020 मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला 40 टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व महिलांना 60 टक्के मदतीची तरतूद ठेवली होती. मी बचतीतून घेतली. तुम्ही मात्र नाव ठरवण्याआधी मच्छीमार संस्थेच्या सचिवासोबत जिल्ह्याच्या मत्स्य कार्यालयात जाऊन बसा, आता काय चालू आहे आणि तुमची नाव त्यात बसते का ते तिथंच कळेल.

इंजीन अजून लावलं नाही. तरी मागच्या पाटीत, म्हणजे इंजीन जिथं टांगतात त्या उभ्या भागात, जाड लाकूड आधीच बसवून घेतलंय, कारण नुसत्या फायबरला इंजिनाचा हादरा सोसत नाही आणि ते नंतर बसवायचं तर पाटी कापावी लागते.