पहिली करवत हाताची की विजेची?

घरच्या बाल्कनीत सुतारकाम शिकायला बसणाऱ्या पोराने आधी हातकरवत घ्यावी, असं मला ठामपणे वाटतं. सागाची इंचभर जाड पट्टी कापताना पातं रेषेवरून ढळलं की हाताला लगेच कळतं आणि थांबता येतं. लाकडाचे रेषे कुठल्या दिशेने धावतात, गाठ कशी अडवते, हे असंच उमगतं. पुढे रंधा मारताना, पटाशी (लाकूड कोरायची छिन्नी) चालवताना तेच उपयोगी पडतं. भुसा खाली पडतो, झाडूने निघतो. शेजारचं बाळ झोपलेलं असलं तरी काम थांबवावं लागत नाही.

विजेच्या सर्क्युलर सॉचं, म्हणजे गोल पात्याच्या करवतीचं, पातं मिनिटाला साधारण ५,००० फेरे घेतं. कापाची फट मिटून पातं आवळलं गेलं, तर यंत्र झटक्यात मागे, आपल्या अंगावर उसळतं. शिवाय बारीक धूळ छातीत जाते. मास्क, गॉगल, कानांना संरक्षण, सगळं हवंच.

मात्र ८ बाय ४ फुटांची, १८ मिमी प्लायची शीट हाताने कापणं म्हणजे खांद्याचे हाल. तिथे यंत्रच बरं. पण एकच कपाट करायचं असेल तर प्लाय दुकानातून मापात कापून आणा. वाचलेल्या पैशांत गुण्या (काटकोन तपासायचं साधन) आणि दोन क्लॅम्प घ्या.