ब्रिज कॅमेरा की मिररलेसवर टेलिझूम? वन्यजीव टिपू इच्छिणाऱ्या हौशी छायाचित्रकारासाठी तुलना

पक्षी आणि वन्यप्राणी टिपण्यासाठी पहिला गंभीर कॅमेरा घेणाऱ्याची निवड बहुधा दोन पर्यायांपाशी येऊन थांबते. एक म्हणजे लेन्स कायमची जोडलेला, अवाढव्य झूमचा ब्रिज कॅमेरा. दुसरा म्हणजे लेन्स बदलता येणारा मिररलेस (आत आरसा नसलेला) कॅमेरा आणि त्यावर १००-४०० मिमीसारखी टेलिझूम, म्हणजे दूरचे जवळ आणणारी लेन्स. जाहिरातींत ही तुलना झूमच्या आकड्यांवर होते, परंतु आपण कोणता जीव, कोणत्या उजेडात आणि स्थिर असताना की हलताना टिपणार, यावरच ती व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

पल्ल्याच्या बाबतीत ब्रिज कॅमेऱ्याला तोड नाही. २०१५ साली आलेल्या निकॉन पी९०० चा झूम ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने (वेगवेगळ्या कॅमेऱ्यांचा पल्ला तोलण्याचे हे समान माप) २००० मिमीपर्यंत जात होता. २०१८ च्या पी१००० ने तो ३००० मिमीवर नेला. कॅनन आर७ सारख्या एपीएस-सी आकाराच्या सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे प्रकाश टिपणारी चिप) मिररलेस कॅमेऱ्यावर ४०० मिमीची लेन्स त्याच हिशेबाने ६४० मिमी भरते. म्हणजे तळ्याच्या पैलतीरावरचा जो बगळा पी१००० मध्ये चौकट भरून दिसतो, तो इथे चौकटीच्या जेमतेम पाचव्या भागाइतका उंच येतो, आणि तेवढाच भाग कापून घेतला तर आर७ च्या ३२.५ मेगापिक्सेलपैकी दीडच्या आसपास उरतात. केवळ नोंदीसाठी, प्रजाती नक्की ओळखण्यासाठी किंवा विणीच्या काळात घरट्यापासून पुरेसे दूर राहण्यासाठी हा पल्ला फार मोलाचा आहे. मात्र ऊन चढल्यावर तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरू लागते आणि लांबचे चित्र विरघळल्यासारखे येते. त्यावर कोणत्याच लेन्सकडे इलाज नाही, जवळ जाणे किंवा सकाळी लवकर येणे एवढेच हाती असते.

आणि सकाळी लवकर येताच उजेडाचा प्रश्न उभा राहतो. पी९०० आणि पी१००० यांचा सेन्सर सुमारे ६.२ × ४.६ मिमीचा आहे, तर आर७ चा सुमारे २२.३ × १४.८ मिमीचा, म्हणजे क्षेत्रफळाने अकरा पटींहून अधिक मोठा. पूर्ण झूमवर पी१००० चे ॲपर्चर, म्हणजे लेन्समधून प्रकाश आत घेणारे छिद्र, एफ/८ होते (एफपुढचा आकडा मोठा तितका प्रकाश कमी). कॅननच्या वजनाने हलक्या आरएफ १००-४०० लेन्सचेही ४०० मिमीवर एफ/८ च होते, त्यामुळे कागदावर दोघे बरोबरीत दिसतात. प्रत्यक्षात कमी उजेडामुळे आयएसओ (प्रकाशाला दिलेली संवेदनशीलता) १६०० किंवा ३२०० करावा लागला की लहान सेन्सरवर नॉइज, म्हणजे चित्रातला रवाळपणा, वाढतो, तो दाबण्यासाठी कॅमेरा चित्र गुळगुळीत करतो आणि मानेवरची बारीक पिसे एकमेकांत मिसळून जातात. मोठ्या सेन्सरवर ती बऱ्याच अंशी सुटी राहतात. पी९०० मध्ये तर रॉ फाइलची, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेले मूळ चित्र जतन करण्याची, सोयच नाही. पहाटे आणि संधिप्रकाशात वावरणारे सस्तन प्राणी ज्याला टिपायचे आहेत, त्याने हा मुद्दा सर्वांत वर ठेवावा.

खरा फरक मात्र हालचालीत दिसतो. फांदीवर बसलेला खंड्या ब्रिज कॅमेऱ्याने उत्तम येतो, कारण झूम स्थिर ठेवण्याची त्याची यंत्रणा हाताचा कंप चांगला सावरते. तोच खंड्या सूर मारतो तेव्हा ही यंत्रणा कामास येत नाही, कारण ती हात स्थिरावते, पक्ष्याला नव्हे. त्याला गोठवायला १/२००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर लागते. शिवाय ३००० मिमीवर कॅमेऱ्याला एका अंशाहूनही कमी दिसते, त्यामुळे पक्षी किंचित सरकला तरी चौकटीबाहेर जातो. अशा वेळी क्षणभर झूम मागे घेणारे बटण पी१००० वर आहे आणि ते वापरायची सवय अवश्य लावून घ्यावी. परंतु पक्षी पुन्हा सापडेपर्यंत ऑटोफोकस पुढेमागे चाचपडत राहतो. आजच्या बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांत फेज डिटेक्शन, म्हणजे न चाचपडता झटकन फोकस साधणारी पद्धत, असते आणि २०२० नंतरचे अनेक कॅमेरे पक्ष्याचा डोळा ओळखून त्याला धरून ठेवतात. उडते पक्षी हे ज्याचे स्वप्न आहे, त्याने ब्रिज कॅमेऱ्याचा विचार सोडून द्यावा, असे मी नि:संकोचपणे सांगेन.

ब्रिज कॅमेरा वजनाला हलकाच असतो, हा समज तपासून घेण्यासारखा आहे. पी१००० सुमारे १.४ किलोचा आहे. आर७ आणि आरएफ १००-४०० ही जोडी सव्वा किलोच्या आसपास बसते. १५०-६०० मिमीच्या लेन्सवर गेलात तर मात्र लेन्सच एकटी दोन किलोंच्या घरात जाते.

लहान जीवांची आवड असेल तर हीच १००-४०० लेन्स आणखी एक काम करते. ती ०.४१ पट वर्धन देते (सेन्सरवरची प्रतिमा मूळ वस्तूच्या ०.४१ पट असते), म्हणजे साडेपाच सेंटिमीटरचे फुलपाखरू सुमारे एक मीटरवरून, त्याला न उडवता, चौकट भरून घेता येते. ब्रिज कॅमेऱ्याचा मॅक्रो (जवळून टिपण्याची सोय) झूम न वाढवता, वाइड बाजूला, अगदी जवळून चालतो. फुलांना तो चांगला, पण चतुरासारखा कीटक आपण इतके जवळ जाईपर्यंत थांबत नाही.

ज्याला या दोहोंमधले हवे आहे, त्याने २०१७ चा सोनी आरएक्स१० मार्क ४ पाहावा. ‘एक इंची’ म्हणवला जाणारा, पण प्रत्यक्षात पी१००० आणि आर७ यांच्या मधल्या आकाराचा सेन्सर, ६०० मिमीवर एफ/४, फेज डिटेक्शन आणि सुमारे १.१ किलो वजन या गोष्टी एकाच कॅमेऱ्यात मिळतात. लेन्स मात्र पुढे कधीच बदलता येत नाही.

ज्याला आधी निरीक्षण आणि मग छायाचित्र महत्त्वाचे आहे, त्याने ब्रिज कॅमेरा निश्चिंतपणे घ्यावा. ज्याला छायाचित्रणच शिकत जायचे आहे, त्याने मिररलेस घ्यावा, आणि पैसे मोजकेच असतील तर कॅमेऱ्याची बॉडी एक पिढी जुनी घेऊन उरलेली रक्कम लेन्सवर घालावी. बॉडी काही वर्षांनी बदलली जाते, चांगली लेन्स पुढच्या बॉडीवरही चालते.