म्हापशाचे लाल फोव: सुदाम्याच्या पुरचुंडीत टिकले असते का?

भागवताच्या दशम स्कंधात सुदाम्याची बायको चार मुठी पोहे मागून आणते आणि फडक्यात बांधून देते. पोहेच का, तर त्यांना चूल लागत नाही आणि वाटेत ते विटत नाहीत. कृष्णाने पहिली मूठ तोंडात टाकली तीही कोरडीच. दुसरीला रुक्मिणीने हात धरला. कीर्तनात मैत्रीवर तासभर निरूपण होतं, पोह्यांवर कोणी चकार शब्द काढत नाही!

गोव्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सुटे मिळणारे गावठी लाल फोव, म्हणजे पोहे, या कसोटीला उतरतात. पाकिटातले पातळ पोहे त्या पुरचुंडीत पीठ झाले असते. हे जाड असतात, कोंडा बऱ्यापैकी शाबूत असतो, आणि कोरडे चावले तरी भाताची गोडसर चव लागते. घेताना मूठभर हुंगून बघा. कोंड्यात तेल असतं, त्यामुळे जुना माल खवट होतो. घरीही घट्ट डब्यात ठेवून लवकर संपवा. पोत्याच्या तळाचे घेऊ नका, तिथे भुगा जास्त. तूस आणि एखादा खडा निघतोच, म्हणून पाखडून, निवडून घ्यावे लागतात.

नरकचतुर्दशीला हे खरे खुलतात ते रोसातल्या, म्हणजे नारळाच्या दुधातल्या फोवांत. वाटीभर फोव धुऊन, निथळून दहा मिनिटं झाकून ठेवा. पांढऱ्या पोह्यांसारखे लगेच वापरले तर मधला कणा कडक राहतो. नारळाचा दीड वाटी दाट रोस काढा, त्यात माडाचा गूळ किसून थंडच विरघळवा, चिमूटभर मीठ आणि वेलची घाला. गूळ घालून रोस उकळू नका, फाटतो. माडाच्या गुळात कचरा असतो, तेव्हा गाळणं चुकवू नका. फोव वाढायच्या पाच मिनिटं आधी रोसात घाला. तासभर आधी घातले तर लापशी होते.

दुधातले, ताकातले छानच होतात. ताकातल्यांना फोडणी जरा निववून घाला. गुळातल्यांना भिजवण नको, ओलं खोबरं आणि गूळ चोळून पाण्याचा हबका मारला की पुरे. तिखट फोवांना मात्र फोडणीनंतर झाकण ठेवून दणदणीत वाफ काढा, नाहीतर घरातल्या म्हाताऱ्यांच्या दातांना चावायचे नाहीत.