दिग्रस ते आर्णी : छोटा हत्ती, दोन पोरं आणि आमचा कूलर

मे महिन्यात बदली झाली नि घर हलवावं लागलं. ओळखीतल्या एका टेम्पोवाल्या भाऊचा छोटा हत्ती सांगितला. तीन हजारांत ठरलं, त्यात चढवा-उतरवायला दोन पोरं. वेळ सकाळी सहाची, आला साडेसातला. मे महिन्यातला दीड तास म्हणजे काय, हे इकडच्या माणसाला सांगायला नको.

पण काम पाहून राग गेला. आलमारी उभीच बांधली, आरशाच्या बाजूनं गाद्या लावल्या. सामान मी तुरीच्या रिकाम्या कट्ट्यांत (पोत्यांत) भरून त्यांवर मार्करनं 'स्वयंपाक', 'देव', 'पोरांचं' असं ठळक लिहून ठेवलं होतं. पोरांनी कट्टे बरोबर त्या-त्या खोलीत नेऊन ठेवले. संध्याकाळी चहाचा गंज (पातेलं) शोधावा लागला नाही, त्यातच अर्धा जीव थंड झाला.

घोळ झाला कूलरचा. टाकीच्या तळाशी पाणी राहिलेलं, ते पहिल्याच गतिरोधकावर सांडलं नि खालचा कुरडयांचा कट्टा भिजला. "काकू, टाकी तुम्हीच रिकामी करायची असते," भाऊ म्हणे. खरं आहे बाप्पा, पण चढवताना हलवून पाहायला काय जात होतं?

सिलिंडरची कटकट मात्र नव्हती. आदल्या दिवशीच गॅस एजन्सीत सिलिंडर-रेग्युलेटर जमा करून कनेक्शन हलवायचं व्हाउचर घेतलं होतं. शेगडी तेवढी सोबत.

पाचपैकी साडेतीन. दिवाळीनंतर जाऊबाई घर बदलणार आहेत, त्यांना नंबर दिला. वेळ पाचची सांगा म्हटलं.