आर्टरी फोर्सेप, म्हणजे लॉकवाला चिमटा: बाहुल्या करणाऱ्यांसाठी माझा अनुभव

मी घरी कापडी बाहुल्या करते, ऑर्डरच्या पण आणि मनाच्या पण. कापड, दोरा, आत भरायचं फायबर यांच्याबद्दल लोक भरपूर लिहितात पण ज्या वस्तूमुळे माझं कामच बदललं तिच्याबद्दल फार कोणी लिहिलेलं दिसत नाही म्हणून लिहितेय. ती वस्तू म्हणजे डॉक्टर लोक ऑपरेशनमध्ये रक्तवाहिनी दाबून धरायला वापरतात तो चिमटा. कात्रीसारख्या दोन कड्या असतात, पुढे लांब जबडे, आतून खाचा, आणि कड्यांच्या जवळ दातेरी लॉक. एकदा टक् करून बसलं की हात सोडला तरी पकड सुटत नाही.

आधी मी काय करायचे तर पेन्सिलच्या मागच्या टोकाने, विणायच्या सुईने, चॉपस्टिकने फायबर आत ढकलायचे. होतं तसंही, पण ढकललेलं फायबर मध्येच अडकून त्याची गाठ होते, टोकाला पोचतच नाही. मग बाहुलीचा पंजा रिकामा, कोपराशी गोळा, आणि मनगटाला अशी घडी पडते की बाहुली उचलली की हात लटकतो. एका ऑर्डरला मी एकाच बाहुलीचे दोन्ही हात तीनदा उसवून भरले, रात्री अंगठ्याचा सांधा इतका दुखत होता की सुई धरवेना. त्यानंतर हा चिमटा घेतला, त्याला आता तीन वर्षं झाली.

फरक काय पडतो तर चिमटा ढकलत नाही, नेतो. फायबरचा छोटा पुंजका टोकात धरायचा, थेट पंजाच्या टोकापर्यंत न्यायचा आणि तिथेच सोडायचा. पण पुंजका धरताना तो जबड्याच्या थोडा पुढे आलेला पाहिजे, म्हणजे स्टीलचं टोक फायबरने झाकलेलं राहतं. उघडं टोक कापडाला लागलं की विणलेलं जर्सी कापड असेल तर एक टाका तुटतो आणि तिथून शिडी उसवत जाते, आणि हे कळतं कधी तर बाहुली पूर्ण भरून झाल्यावर. दुसरी गोष्ट म्हणजे सोडल्यावर चिमटा सरळ बाहेर ओढला तर खाचांना लागून अर्धं फायबर परत बाहेर येतं. त्यासाठी दुसऱ्या हाताने बाहेरून, कापडावरूनच, तो पुंजका चिमटीत धरून ठेवायचा आणि मग जबडे जरासेच उघडून मागे घ्यायचे. सिलिकॉन लावलेलं गुळगुळीत पॉलिस्टर फायबर चटकन सुटतं, लोकर मात्र चिकटून राहते. पण लोकरीचे तंतू एकमेकांत गुंततात त्यामुळे एकदा बसलेली लोकर जागा सोडत नाही, डोकं घट्ट करायला मला अजून तीच आवडते.

उलट बाजूने शिवलेला भाग सुलट करायच्या, म्हणजे उलटवायच्या कामाला तर याला तोड नाही. बाहूची अरुंद नळी शिवून झाली की वळणावर छोटे काप द्यायचे, माया, म्हणजे शिवणीबाहेरचं कापड, ५-६ मिमीच ठेवायची, आणि मशीनचा टाका बारीक, दीड मिमीच्या आसपास, नाहीतर ओढताना शिवण फाकते. मग मिटलेला चिमटा नळीत शेवटपर्यंत घालायचा, बाहेरून बोटाने टोक आत ढकलायचं म्हणजे जबड्यात शिवण आणि माया मिळून चार पदर येतात, लॉकचा पहिलाच दात बसवायचा आणि एका हाताने कापड सरकवत सरकवत ओढायचं. एकच पदर धरून जोर लावला तर भोक पडतं, माझं तीनदा पडलंय आणि तिन्ही वेळा त्वचेच्या रंगाच्या कापडावर, जिथे रफू लपत नाही. बाहुलीची वेगळी वेगळी बोटं मात्र यानेही उलटत नाहीत, ५-६ मिमीच्या नळीत जबडे उघडतच नाहीत. तिथे स्ट्रॉसारखी बारीक नळी आणि काडीच. नळी बोटात घालायची आणि बाहेरून काडीने टोक नळीत ढकलायचं.

आता कुठला घ्यायचा हे नीट वाचा कारण नावं खूप आहेत आणि फोटोत सगळे सारखेच दिसतात. सगळ्यात बारीक असतो तो मॉस्किटो, साधारण ५ इंची, हातापायांसाठी हाच. केली आणि क्राइल हे मधले, त्यात फरक इतकाच की केलीच्या खाचा जबड्याच्या पुढच्या अर्ध्या भागात असतात आणि क्राइलच्या पूर्ण लांबीवर. मला क्राइल बरा वाटला, उलटवताना पकड खोलवर मिळते. धड आणि लांब पाय भरायला ८ इंची पेयाँ आहे माझ्याकडे, ज्यांचं नाव त्याला आहे ते एकोणिसाव्या शतकातले फ्रेंच सर्जन. आणि कोखर अजिबात घेऊ नका, त्याच्या टोकाला खरेखुरे दात असतात, एकमेकांत अडकणारे, कापडाचं वाटोळं करतात. सरळ की वाकडा असं विचाराल तर आधी सरळ घ्या, वाकडा नंतर, पायाच्या टाचेत आणि गालाच्या गोलाईत फायबर बसवायला तो कामाला येतो.

आला की लगेच तपासा. मिटून उजेडासमोर धरा, टोकं एकमेकांवर बरोबर बसायला हवीत. मग शिवणाचा एकेरी दोरा टोकात धरून लॉक लावा आणि ओढा, सुटला तर परत पाठवा. माझा पहिला ऑनलाइन मागवलेला चिमटा असाच होता, दिसायला चकचकीत, पण जोर आला की लॉक घसरायचं, आणि ऐन ओढताना घसरलं की हात जोरात मागे जातो. तो परत केला.

एक चूक मी वर्षभर केली ती तुम्ही करू नका. बटणाने जोडलेले हातपाय असतात ना, त्यात घट्ट भरलेल्या धडातून लांब सुई आरपार काढावी लागते, ती बोटांनी निघत नाही म्हणून मी याच चिमट्याने ओढायचे. निघते, पण जबडे वाकडे होतात, बारीक मॉस्किटोचे तर फारच लवकर. त्या कामाला आखूड, जाड जबड्यांचा नीडल होल्डर वेगळा मिळतो. आणि सुयांचं निघालंच आहे तर, बाहुली बंद करायच्या आधी सुया आणि टाचण्या मोजा, दर वेळी, कितीही घाई असली तरी. एकदा एक टाचणी कमी निघाली आणि मी सगळं धड रिकामं करून प्रत्येक पुंजका हाताने चाचपला, टाचणी सापडली पायात. ती बाहुली दोन वर्षांच्या मुलीसाठी होती. आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

लहान मुलांच्या बाहुल्यांना मी बटणं, मणी, प्लास्टिकचे डोळे काहीच लावत नाही, डोळे दोऱ्यानेच भरते. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी लहान भागांची जी चाचणी असते त्यातल्या नळीचा व्यास ३१.७ मिमी असतो, त्यात मावेल ती वस्तू घशात अडकू शकते. मोठ्यांसाठी शोभेची बाहुली असेल आणि डोळे लावलेच तर याच चिमट्याने डोळा धरून चांगला ओढून बघते. ही माझ्या समाधानापुरती तपासणी, खऱ्या चाचणीची जागा ती घेत नाही.

त्रास दोनच. कड्या स्टीलच्या, तासाभराने अंगठ्याच्या मुळाशी वळ उठतो, मी जुन्या कापडाची पट्टी गुंडाळून दोन टाके घातलेत. आणि लॉक उजव्या हाताच्या हिशोबाने केलेलं असतं. माझी मैत्रीण डावखुरी आहे, तिला सोडताना अंगठा उलट ओढावा लागतो, महिनाभर चिडचिड झाली मग सवय झाली. डावखुऱ्या असाल तर आधी हातात घेऊन बघा.

सांध्यात महिन्यातून एकदा शिलाई मशीनचं तेल टाकते, थेंबभर, आणि मग चिंधीवर दहा-बारा वेळा उघडमीट करून सगळं पुसून घेते, नाहीतर तो तेलाचा डाग नेमका बाहुलीच्या गालावर येतो. ओला ठेवू नका, स्टेनलेस असला तरी सांध्यात गंज धरतो.

पाचपैकी साडेचार. अर्धा कड्यांसाठी कापला. काल रात्री एका बाहुलीचे दोन्ही हात पाऊण तासात भरून झाले, पंजे घट्ट, मनगटाला घडी नाही, आणि अंगठा दुखत नव्हता म्हणून लगेच केस लावायला बसले.